चार स्प्रिंगांचा संसार

गेल्या वर्षी नवरात्रात एका दुपारी माझा भाचा घरी आला. एरवी तो आला की आधी स्वयंपाकघरात शिरतो आणि फडताळातले डबे उघडून पाहतो. त्या दिवशी मात्र तो थेट माझ्या आरामखुर्चीपाशी येऊन बसला. हातात पाच-सहा छापील कागद होते. चेहऱ्यावर, मुलगी पसंत पडल्यावर असतो तसा, अर्धा संकोच आणि अर्धा निश्चय!

"मामा, गाडीचं सस्पेन्शन बदलायचंय. कुठलं घालू ते तुम्ही सांगा."

चिंचवडच्या एका कारखान्यात शॉकॲब्सॉर्बरच्या चाचण्या घेण्यात माझी सारी उमेद गेली. पण निवृत्त झाल्यापासून या विषयावर माझे मत कोणी विचारले नव्हते. घरातली माणसे मला फार तर नळाच्या वायसरबद्दल विचारतात. त्यामुळे मी खुलून म्हणालो, "का रे? आहे त्याला काय झालं?"

"झालं काही नाही. पण मला ड्रॅग रेसमध्ये उतरायचंय. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी. बाकी गाडी रोजचीच. मला ऑफिसला जायला आणि आईला फिजिओथेरपीला न्यायला."

त्याची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला मणक्याचे दुखणे आहे. आठवड्यातून तीनदा तिला कोथरूडहून डेक्कनपर्यंत न्यावे लागते. म्हणजे गाडी एक आणि तिने करायचे संसार दोन! एकात मागच्या सीटवर बसलेल्या आईला गचका लागू द्यायचा नाही आणि दुसऱ्यात हिरवा दिवा लागताच बाणासारखे सुटायचे.

मी त्याचे कागद चाळले. अमेरिकेतल्या शर्यतवाल्यांचा सल्ला होता. पुढचे स्प्रिंग मऊ घाला, पुढचे शॉकॲब्सॉर्बर असे घ्या की नाक झटकन उचलेल, पुढचा अँटिरोल बार काढून ठेवा. शेवटी भाच्याने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती. "गॅरेजवाला म्हणतो, आहेत तेच स्प्रिंग एक-एक वेढा कापून देतो. स्वस्तात काम होईल."

ती ओळ वाचली आणि माझा चहाचा कप ओठांपर्यंत जाता जाता थांबला. का थांबला, ते पुढे सांगतो. आधी या शर्यतीविषयी आणि स्प्रिंगांविषयी चार शब्द सांगणे भाग आहे, कारण घरोघरी आता गाडी आहे आणि बहुतेक घरी असा एखादा भाचाही आहे.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिव्यांचा खांब इशारा देतो आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे, अंतर कोण आधी कापतो ते पाहायचे. वळण नाही, घाट नाही. या खेळाचे माहेर अमेरिकेतले कॅलिफोर्निया. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली तरुण मुले जुन्या गाड्या दुरुस्त करून रस्त्यांवरच शर्यती लावू लागली आणि अपघात होऊ लागले. वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थाने १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली. या मुलांना रस्त्यावरून उचलून बंदिस्त जागेत, नियमांखाली आणणे हा तिचा मोठा उद्देश होता. तिची पहिली अधिकृत शर्यत १९५३ साली पोमोना येथे झाली. म्हणजे या खेळाचा पायाच मुळी 'रस्त्यावर नको' हा आहे.

आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या विमानांच्या धावपट्टीवर अशा शर्यती भरल्या आहेत. तिथे हेल्मेट लागते, गाडीची तपासणी होते आणि रुग्णवाहिका उभी असते. रस्त्यावर मात्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. भाच्याला मी पहिली अट हीच घातली, की पाय दाबायचा तो धावपट्टीवरच, रात्री बाणेरच्या रस्त्यावर नाही. त्याने कान पकडले. मग मी कागद-पेन्सिल घेतली.

वाचकहो, गाडीचे सस्पेन्शन म्हणजे काही गूढ नव्हे. चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंग असतो. खड्डा आला की तो आखडतो आणि धक्का स्वतः गिळतो. पण स्प्रिंगला एक खोड असते. एकदा हलला की तो हलतच राहतो. त्याला आवर घालणारा तो शॉकॲब्सॉर्बर, गॅरेजच्या भाषेत 'शॉकअप'. त्याच्या नळीत तेल असते आणि ते बारीक छिद्रांतून ढकलले जाताना स्प्रिंगची ऊर्जा उष्णतेत जिरते. स्प्रिंग हा घरातला तापट माणूस समजा आणि शॉकअप म्हणजे "असू दे हो" म्हणणारी गृहिणी. दोघे एकमेकांच्या मापाचे असले तरच संसार चालतो. नुसता एक बदलला की भांडण सुरू.

प्रवासी गाडीचे स्प्रिंग साधारणपणे असे असतात, की गाडी सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली व्हावी. माणसाला ही लय मानवते. गाडीच्या वजनाने स्प्रिंग १६ सेंटिमीटर दबत असेल, तर ही लय सव्वा येते. तोच स्प्रिंग दुप्पट कडक केला, तर तो ८ सेंटिमीटर दबतो आणि लय पावणेदोनच्या वर जाते. आकड्यात फरक अर्ध्याचा दिसतो, पण तो मणक्याला विचारावा!

१९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने या लयीचा पद्धतशीर अभ्यास केला. त्याला असे दिसले, की पुढच्या स्प्रिंगांची लय मागच्यांपेक्षा थोडी मंद ठेवावी. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. मागची बाजू जरा चपळ असली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी डुलत न राहता सपाट बसते. घरगुती गाड्यांचे स्प्रिंग ठरवताना अभियंते आजही हे ध्यानात ठेवतात. म्हणजे कारखान्यातून आलेले चार स्प्रिंग हे कोणी डोळे मिटून घातलेले नसतात.

आता शर्यतीचा भाग. गाडी जोराने पुढे सुटली की मागे बसलेला माणूस सीटला टेकतो. तसेच गाडीचे वजनही मागच्या चाकांकडे सरकते. किती सरकते, त्याचा हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाइतका सोपा आहे. भाच्याची स्विफ्ट २०१८ नंतरच्या घडणीची. चालकासह तिचे वजन सुमारे ९५० किलो, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २.४५ मीटर आणि वजनाचा मध्य जमिनीपासून साधारण अर्धा मीटर वर धरला. गुरुत्वाकर्षणाच्या चार-दशांश वेगवाढीने ती सुटली, तर ९५० गुणिले ०.४ गुणिले ०.५ भागिले २.४५, म्हणजे सुमारे ७८ किलो वजन पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जाते.

"आता सांग," मी म्हणालो, "तुझ्या गाडीला ओढतात कुठली चाकं?"

"पुढची."

"आणि वजन गेलं कुठे?"

भाचा एकदम गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मागे."

इथेच सारी मेख आहे. अमेरिकेतल्या ज्या गाड्यांवर हा खेळ वाढला, त्या मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या होत्या. त्यांना मागे जाणारे वजन म्हणजे लक्ष्मी! मागची चाके जितकी दाबली जातील, तितकी ती जमीन पकडतील. क्रायस्लर कंपनीतल्या काही अभियंत्यांनी 'रॅमचार्जर्स' नावाचा गट करून १९५९ साली १९४९ च्या एका जुन्या प्लिमथ गाडीला इतके उंच उभे केले, की वजनाचा मध्य वर जावा आणि सुटताना जास्तीत जास्त वजन मागे जावे. 'हाय अँड मायटी' हे तिचे नाव. दिसायला ती बगळ्यासारखी होती, पण धावायची. आमच्या स्विफ्टला मात्र पुढची चाके ओढतात. मागे जाणारे प्रत्येक किलो वजन म्हणजे तिच्या पकडीतली घट. स्थिर उभी असताना पुढच्या चाकांवर समजा ५७० किलो आहेत. सुटताना राहतात ४९२. मग त्या कागदांतला सल्ला मानून पुढचे स्प्रिंग मऊ केले, नाक उचलू दिले, तर आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा!

आणखी एक गैरसमज त्या कागदांत होता, आणि तो पुष्कळांचा असतो. नाक उचलले म्हणून वजन मागे जाते, असे लोक समजतात. तसे नाही. वजन सरकते ते वेगवाढीमुळे. नाक उचलणे ही नुसती खूण. स्प्रिंग कडक केला म्हणून ते ७८ किलो वाचत नाहीत. ते किती झटकन जातात आणि चाक जमिनीवर किती शांत राहते, एवढेच आपल्या हाती असते. म्हणून पुढून ओढणाऱ्या गाडीचे शर्यतवाले मागची बाजू जरा ताठ ठेवतात, म्हणजे ती एकदम बसत नाही. पुढच्या शॉकअपची सुटण्याची बाजू थोडी घट्ट करतात, म्हणजे नाक एकदम उठत नाही. अमेरिकन कागदांच्या बरोबर उलट!

"मग मागचे स्प्रिंग एकदम कडक घालतो," भाचा उत्साहाने म्हणाला.

"आणि मग पावसात चांदणी चौकाच्या वळणावर काय करशील?"

मागची बाजू फार ताठ केली, की ओल्या वळणावर मागची चाके आधी घसरतात आणि गाडीची शेपटी बाहेर जाते. सरळ धावपट्टीवर याचे काही वाटत नाही, कारण तिथे वळणच नाही. पुढचा अँटिरोल बार काढण्याचेही तेच. वळणावर गाडी एका अंगावर कलंडू नये म्हणून तो बार असतो. अचानक कुत्रे आडवे आले आणि स्टिअरिंग फिरवले, की त्याच्यावाचून गाडी आधी एका बाजूला लवंडते आणि मग दुसऱ्या बाजूला झोकांडी खाते.

राहता राहिली गाडी खाली करण्याची हौस. त्यासाठी मी एक प्रयोग केला, आणि त्या प्रयोगात सारे घर सामील झाले. दसऱ्याच्या दिवशी सगळे जेवायला जमले होते. जेवणानंतर मी भाच्याला गाडीत बसवले, शेजारी त्याच्या वडिलांना, मागे त्याच्या आईला आणि आमच्या सौभाग्यवतींना. डिकीत गव्हाची पन्नास किलोची गोणी ठेवली. आणि मी स्वतः स्टीलचा टेप घेऊन वाहनतळाच्या फरशीवर आडवा झालो. शेजारचे जोशी-कुलकर्णी गच्चीतून पाहत होते. मेहुणे आतून म्हणाले, "अहो, मोजणी लौकर आटपा. पुरणपोळी खाऊन असं ताटकळत बसवत नाही."

मागची बाजू चार सेंटिमीटर खाली बसली होती.

आता हिशेब पाहा. या गाडीचे पोट जमिनीपासून १६३ मिलिमीटर वर असते, म्हणजे सोळा सेंटिमीटरहून थोडे अधिक. भाच्याला ती चार सेंटिमीटर खाली हवी होती. राहिले बारा. माणसे आणि सामान बसले की मागे राहिले आठ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. तो रुंद आणि गोलसर असल्याने दोन चाकांमधल्या पोटाखाली त्याचा उंचवटा साडेचार सेंटिमीटरपेक्षा कमी येतो, म्हणजे सावकाश गेले तर आठ सेंटिमीटरवरचे पोट निभावेल. पण आमच्या गल्लीतले गतिरोधक काय नियमाचे पुस्तक वाचून घातलेले असतात? हातभर रुंदीचा, वीतभर उंचीचा ढिगारा! तिथे गाडीचे पोट घासल्याशिवाय राहणार नाही.

नुसते पोट घासण्यावर हे थांबत नाही. गाडी खाली केली, की धक्का गिळायला स्प्रिंगला जी जागा लागते तीच कमी होते. जागा संपली, की शेवटी रबराचा गुटका लागतो आणि सारा धक्का सांगाड्यावर येतो. शिवाय या गाडीला पुढे मॅकफर्सन पद्धतीचे खांब आहेत. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याची ही युक्ती १९५० सालापासून फोर्डच्या इंग्लंडमधल्या गाड्यांवर आली आणि आता लहान गाड्यांत जिथे तिथे आहे. तिच्यात गाडी फार खाली केली तर चाकाचा खालचा हात वरच्या दिशेने तिरका होतो. मग खड्ड्यात चाक आपोआप थोडे वळते आणि वळणावर गाडी कमी कलंडण्याऐवजी जास्त कलंडू पाहते. खाली केली म्हणजे पकड वाढली, हे सरसकट खरे नाही.

एवढे सगळे मी वाहनतळात उभ्या उभ्या सांगितले. भाच्याने मान डोलावली, पण डोळ्यांत अजून ती एक ओळ होती. "मामा, नुसता एक वेढा कापला तर? गॅरेजवाला म्हणतो, सगळेच करतात."

मी गाडीत मागे बसलेल्या बहिणीकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले. मग ती म्हणाली, "सांग आता, दादा. पुरे झालं."

१९८१ सालची गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. जुनी फियाट घेतली होती. गाडी खाली दिसावी, झोकदार दिसावी, म्हणून एका गॅरेजात पुढचे दोन्ही स्प्रिंग दीड-दीड वेढा कापून घेतले. अभियंता होतो, कळायला हवे होते. स्प्रिंगचा सहापैकी एक वेढा कापला तरी तो वीस टक्के कडक होतो. पण खरा धोका त्यातही नाही. स्प्रिंग आखूड झाला की चाक खाली लोंबकळते तेव्हा तो बैठकीत सैल पडतो. ऑगस्ट महिना होता, पाऊस होता. बहीण तेव्हा एकोणीस वर्षांची. आम्ही लोणावळ्याहून परत येत होतो. कामशेतच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावे चाक गेले, खाली लोंबले आणि स्प्रिंग बैठकीतून सरकला. चाक पुन्हा वर आले तेव्हा तो तिरका बसला होता. गाडीचे नाक डावीकडे बसले आणि गाडी रस्ता सोडून थेट बाभळीवर गेली. वेग फार नव्हता म्हणून दोघे वाचलो. बहिणीचे उजवे मनगट मोडले.

वडिलांनी विचारले तेव्हा तिने मला बोलूच दिले नाही. "खड्डा होता" एवढेच ती म्हणाली. खोटे काही नव्हते त्यात. खड्डा होताच! मनगट जुळले, पण पूर्ण फिरेनासे झाले. दर दिवाळीला चकलीचा सोऱ्या ती डाव्या हाताने फिरवते. भाचा लहानपणापासून ते पाहत आला होता. अपघात झाला होता हे त्याला ठाऊक होते. तो कशामुळे झाला, हे त्याला त्या दसऱ्याला कळले. सौभाग्यवतींनाही तेव्हाच कळले. चाळीस वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट आम्हा दोघा भावंडांत होती.

भाचा काही बोलला नाही. तो गाडीतून उतरला, डिकीतली गव्हाची गोणी खांद्यावर घेतली आणि वर घरी नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "मामा, कापणार नाही. पण शर्यतीला मात्र जाणार. त्याचं कसं करायचं सांगा."

मला बरे वाटले. भीतीने शर्यतच सोडली असती तर ते मला आवडले नसते. मग आम्ही जे केले ते क्रमवार सांगतो, कारण हा क्रमच महत्त्वाचा आहे.

पहिला पैसा टायरला. जमिनीला टेकतात ते टायर, स्प्रिंग नव्हेत. गाडीचे टायर कडक झाले होते. कंपनीने दिलेल्या मापाचेच चांगले नवे टायर घातले आणि चाकांची दिशा जुळवून घेतली.

दुसरा पैसा बुशांना. चाकाचे हात ज्या रबरी बुशांवर फिरतात, ती झिजली की सुटताना चाक पुढे-मागे थरथरते, उड्या मारते. अशा उड्यांनी पकड तर जातेच, पण दांडाही तुटू शकतो. पुष्कळजण कडक प्लॅस्टिकची बुशे आणि कडक इंजिन-माउंटिंग घालतात. त्याने थरथर कमी होते, पण इंजिनचा कंप स्टिअरिंगपर्यंत आणि मागच्या सीटपर्यंत येतो. आम्ही कंपनीची नवी रबरी बुशे आणि नवे माउंटिंग घातले. जुन्याच्या मानाने हा फरकच पुष्कळ होता.

तिसरा पैसा शॉकअपना. गाडीचा कोपरा दाबून सोडला, की तो वर येऊन एका झोक्यात स्थिर व्हायला हवा. भाच्याची गाडी तीन झोके घेत होती. मूळ स्प्रिंगांना शोभतील असे, घट्टपणा कमी-जास्त करता येणारे शॉकअप घेतले. रोजच्यासाठी खूण मऊ बाजूला आणि शर्यतीच्या दिवशी मागचे दोन खटके घट्ट. परत येताना पुन्हा मऊ.

आणि चौथा पैसा? तो खिशातच ठेवला. स्प्रिंग कंपनीचेच राहू दिले. उंची बदलता येणारे, आट्यांचे 'कॉइलओव्हर' नावाचे महागडे संच मिळतात. ते वाईट नाहीत. पण उंची हलवली की दर वेळी चाकांची दिशा पुन्हा जुळवावी लागते, आणि आपल्या चिखल-पावसात त्यांचे आटे गंजून बसतात. ज्याची गाडी महिन्यातून दोनदा शर्यतीला जाते त्याने ते घ्यावेत. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने त्यांचा संसार कशाला मांडायचा?

शिवाय असे बदल करण्याआधी नोंदणीपुस्तक आणि विम्याची कागदपत्रे पाहावीत. नोंदणीतल्या तपशिलाशी गाडी जुळेनाशी होईल, असे बदल कायद्याला चालत नाहीत. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघाताच्या दिवशी आडवा येतो.

शर्यतीच्या दिवशी सकाळी डिकी रिकामी केली. मागचे वजन गेले की पुढच्या चाकांच्या वाट्याला प्रमाणाने अधिक येते, आणि हे फुकटात होते. मी त्याच्याबरोबर गेलो होतो. धावपट्टीवर पहिल्या साठ फुटांची, म्हणजे सव्वाअठरा मीटरची, वेळ वेगळी मोजली जाते. शर्यत बरीचशी तिथेच ठरते. पहिल्या खेपेला भाच्याने क्लच झटकन सोडला आणि चाके जागीच किंचाळली. साठ फुटांना २.८ सेकंद, पाव मैलाला साडेअठरा. चौथ्या खेपेपर्यंत पाय शांत झाला. साठ फुटांना २.५ आणि पाव मैलाला १८ सेकंदांच्या किंचित खाली. यात सस्पेन्शनचा वाटा किती आणि पायाचा किती? माझा अंदाज, बहुतेक सारा पायाचाच. सस्पेन्शनने फक्त चाक शांत ठेवले आणि त्याला शिकायला सवड दिली. शेजारच्या पट्टीवरची, जमिनीला टेकलेली एक लाल गाडी त्याच्या पुढे गेली. दुसरी एक, तितकीच टेकलेली, त्याच्या मागे राहिली. त्याला बक्षीस मिळाले नाही. पण परतीच्या वाटेवर कामशेतपाशी त्याने आपणहून गाडी हळू केली. "कुठलं झाड हो, मामा?" असे विचारले. झाड आता नाही. रस्ता रुंद झाला त्यात गेले असावे. मी नुसती जागा दाखवली.

घरी पोहोचण्याआधी पेट्रोल पंपावर थांबून त्याने टायरची हवा तपासली आणि मागच्या शॉकअपचे दोन खटके मऊ केले. सोमवारी आईला डेक्कनला न्यायचे होते.

यंदा दिवाळीच्या फराळाला बहिणीकडे गेलो, तेव्हा स्वयंपाकघरात ती कढईपाशी बसली होती आणि भाचा शेजारी सोऱ्या फिरवत होता. चकल्या काही गोल झाल्या नव्हत्या. काही तुटल्या होत्या, काही जिलबीसारख्या दिसत होत्या. "वेढा कमी पडला बघ," बहीण म्हणाली. भाच्याने माझ्याकडे पाहिले आणि तिघेही हसलो. चकलीचा वेढा कमी पडला तर चालतो. स्प्रिंगचा मात्र नको.